ओझ्यासकट पुढे

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावात पोस्टाचा रस्ता विचारला, तर सांगणारा हात लांब करून म्हणतो, ‘कॅरी ऑन’. म्हणजे असेच सरळ जात राहा, चर्च लागलं की डावीकडे वळा. त्याच रस्त्यावर एखादं पोर फतकल मारून भोकाड पसरतं आणि त्याची आई दरडावते, की हे ‘कॅरिंग ऑन’ आता पुरे. इथे त्याचा अर्थ तमाशा. चार माणसं बोलत बसलेली असतात, मध्येच कुणी दार उघडून आत येतं, बोलणारे थबकतात. आलेला माणूस म्हणतो, ‘कॅरी ऑन’, तुमचं चालू द्या. आणि चहाच्या टेबलावर दोघीजणी आवाज खाली आणून तिसरीच्या नवऱ्याविषयी बोलतात, तो कचेरीतल्या कुणाबरोबर तरी ‘कॅरिंग ऑन’ आहे म्हणे. तिथे लफडं समजायचं, कुणी फोड करून सांगत नाही.

वाट, रडारड, गप्पा आणि भानगड, या सगळ्यांना पुरणारं हे एवढंसं क्रियापद मला फार प्रिय आहे. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला ते सुरुवातीला दाद देत नाही. कोशात ‘कॅरी’ पाहावं तर वाहून नेणे, ‘ऑन’ पाहावं तर वर. दोन्ही जोडून काहीच हाती लागत नाही. ही अडचण आपल्या एकट्याची नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं आहे, की क्रियापदामागे एखादा लहान शब्द लावून अर्थ फिरवण्याची ही रीत इंग्रजीत इतर भाषांहून जास्त आहे आणि परक्यांना सगळ्यांत जड जातं ते हेच. म्हणून अशा जोड्या त्याने जपून टिपल्या. पण या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापून यायला १९२५ साल उजाडलं. लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात ते आलं, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं त्याने प्रांजळपणे सांगितलं. योग असा, की त्याच वर्षी पी. जी. वुडहाउसचा ‘कॅरी ऑन, जीव्हज’ हा कथासंग्रह निघाला.

‘कॅरी’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांमुळे आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली चाकांची गाडी आहे. ‘कार’ त्याच घरातली. म्हणजे मुळात हे नुसतं उचलणं नव्हे, गाडीत माल घालून नेणं. ‘ऑन’ मात्र अस्सल देशी, नॉर्मन यायच्या कितीतरी आधीचा. वर बसलेलं दाखवणारा हा शब्द क्रियापदामागे आला की पुढे ढकलू लागतो. वाचण्यामागे लागला की वाचत राहा, चालण्यामागे लागला की चालत राहा. त्यामुळे ‘कॅरी ऑन’मध्ये नुसतं ‘चालू ठेव’ नाही. गाडी भरलेली आहे, ती भरलेलीच राहणार आहे, आणि तशीच पुढे न्यायची आहे. रोज बोलणाऱ्या इंग्रजाला यातली गाडी दिसत नसणार, पण मला ती ऐकू येते. कारण आपल्याकडेही बाई म्हणते, नवरा गेला तरी संसाराचा गाडा ओढतेच आहे. तिने काही नॉर्मनांकडून हा गाडा घेतला नाही. ओझं आणि वाट एकत्र आली, की माणसाला गाडीच आठवत असावी.

लष्करात या क्रियापदाला वेगळाच सूर लागतो. अधिकारी पाहणीला येतो, हातातली कामं सोडून जवान सावधान उभे राहतात, तो दोन शब्द बोलतो आणि जाताना म्हणतो, ‘कॅरी ऑन’. मग पुन्हा फावडी चालू होतात. हा शब्द इंग्रजी पलटणींतून भारतीय पलटणींत आला आणि तिथून आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरांत. आमच्या नात्यातले एक सुभेदारमामा निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी ओसरीवर अभ्यासाला बसलेली पोरं त्यांना पाहून उठली, की ते ‘कॅरी ऑन, कॅरी ऑन’ म्हणत आत जातात. मामी त्याच पोरांना ‘बसा रे, बसा’ म्हणते. मामीच्या शब्दाने पोरं बसतात. मामांच्या शब्दाने ती बसतात आणि पुस्तकही उघडतात. आज्ञा आणि मोकळीक यांची अशी गाठ दुसऱ्या कुठल्या शब्दात पडलेली मला माहीत नाही.

हीच आज्ञा एकदा अख्ख्या देशाला द्यायची तयारी झाली होती. १९३९च्या उन्हाळ्यात युद्ध दारात आलेलं असताना ब्रिटनच्या माहिती खात्याने तीन भित्तिपत्रकं छापली. ठळक अक्षरं आणि माथ्यावर राजमुकुट, चित्र नाहीच. पहिली दोन युद्ध सुरू झाल्यावर भिंतींवर लागली. त्यातल्या एकात तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल, असं होतं. लोकांना ते खुपलं. कष्ट ‘तुमचे’ आणि विजय ‘आमचा’ असा त्याचा अर्थ त्यांना लागला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. तिसऱ्यावर फक्त डोकं शांत ठेवा आणि ‘कॅरी ऑन’, एवढंच होतं. त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापून झाल्या. मोठे बाँबहल्ले झाले की लावू म्हणून त्या राखून ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी कागदाची टंचाई आली तेव्हा बहुतेक लगद्यात गेल्या.

बाँबहल्ले झाले. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँब पडले. रात्र भुयारी रेल्वेच्या फलाटावर काढायची, सकाळी वर येऊन आपली गल्ली जागेवर आहे का पाहायची आणि काचांच्या चुऱ्यातून वाट काढत कामावर जायचं. काचा फुटलेल्या दुकानांवर मालकांनी हाताने पाट्या लिहिल्या, धंदा नेहमीप्रमाणे चालू. ते तिसरं सरकारी भित्तिपत्रक त्यांच्यातल्या जवळपास कुणीच पाहिलेलं नव्हतं. लगद्यात गेलेलं क्रियापद लोक आपल्या आपण चालवत होते. मला या सगळ्या हकिकतीतली ही बाब सर्वांत मोलाची वाटते. वरून कुणी सांगितलं नाही म्हणून ते अडून बसले नाहीत.

पुढे २००० साली उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिक गावात, जुन्या रेल्वे स्टेशनात थाटलेल्या ‘बार्टर बुक्स’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानात लिलावातून आलेली एक पेटी उघडली गेली. पुस्तकांच्या तळाशी घडी घातलेला लाल कागद होता, तेच तिसरं भित्तिपत्रक. मालकांनी तो चौकटीत घालून गल्ल्याजवळ टांगला. येणारं गिऱ्हाईक मागायला लागलं, म्हणून प्रती काढल्या. मग कप, टॉवेल, टी-शर्ट, सगळ्या जगभर. कपावरचं ते वाक्य वाचायला गोड लागतं. पण त्यातलं ओझं तिथे उतरलेलं असतं, म्हणून मी तो कप कधी घेतला नाही.

हे क्रियापद ओझ्यासकट जिवंत पाहायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकाशी निकालानंतर उभं राहावं. आमच्या विद्यापीठांनी आणि मुलांनी मिळून त्याचं नाम करून टाकलं आहे: ‘कॅरी ऑन’ मिळणे, ‘कॅरी ऑन’ देणे, ‘कॅरी ऑन’साठी आंदोलन करणे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही, दुसऱ्याचे सुटल्याशिवाय चौथ्यात नाही. एखादा विषय अडला की वर्ष घरी. मुलांच्या भाषेत ‘वायडी’. तेव्हा मुलं कुलगुरूंकडे निवेदन घेऊन जातात. मागणी एवढीच, की अडलेला विषय आम्ही माफ करा म्हणत नाही, तो बरोबर घेऊन आम्हाला पुढच्या वर्गात बसू द्या.

काही प्राध्यापकांना यात गुणवत्तेची घसरण दिसते. त्यांची काळजी खोटी नाही. पाया कच्चा ठेवून मजले चढवू नयेत हे खरंच. तरी माझा कौल मुलांच्या बाजूने आहे. खेड्यातून आलेल्या, बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाचा एक ‘एम-थ्री’ राहतो. गणिताचा हा पेपर भल्याभल्यांना लोळवतो. त्यापायी एक वर्ष घरी बसणं म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे, बापाने काढलेलं कर्ज आणि गावाकडे ‘काय रे, सुट्टी अजून चालूच?’ हा प्रश्न. तो विषय सोडून द्यायला तो तयार नाही, फक्त त्याच्यासाठी थांबायला तयार नाही. जॉन्सनच्या कोशावर डोकं आपटलं असतं तरी या क्रियापदाचा इतका नेमका उपयोग मला सापडला नसता. इथे विषय खरोखरच वाहून न्यायचा असतो, आणि खरोखरच पुढे.

पाठ कुणी करून घेतलं नाही, व्याकरणाच्या तासाला कुणी फळ्यावर लिहिलं नाही, तरी तो शब्द त्या मुलांच्या तोंडी बरोबर बसला आहे. विद्यापीठाचं ‘कॅरी ऑन’चं परिपत्रक आलं त्या संध्याकाळी मेसमध्ये एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं.

“मिळालं का रे कॅरी ऑन?”

“मिळालं. पण आता सातव्या सेमबरोबर एम-थ्रीचाही फॉर्म भरायचाय. उद्याच शेवटची तारीख.”

“मग भाकरी संपव आणि चल, नेट कॅफे नऊला बंद होतो.”