टाकीवरचा कागद

१/ १९७० साली अमेरिकेत शेव्हरोले कंपनीची ‘शेव्हेल एसएस ४५४’ ही मोटार बाजारात आली. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवायचे, ही ‘मसल कार’ची रीत. या गाडीच्या ‘एलएस ६’ या सर्वांत जहाल प्रकारात ४५० अश्वशक्तीचे इंजिन होते. अशी ४,४७५ इंजिने बनली, असे मानले जाते. आज अस्सल एलएस ६ ची किंमत साध्या शेव्हेलच्या कितीतरी पट आहे. आणि साध्या शेव्हेलला तिचा वेष चढवणे फारसे अवघड नाही.

२/ मग अस्सल कोणती? पहिली निराशा गाडीच्या ओळख क्रमांकापाशीच होते. त्यावरून मालिबू मालिका, व्ही-८ इंजिन, वर्ष आणि कारखाना कळतो. ‘एसएस’ हे वेगळे मॉडेल नव्हते, वरून मागवायचे पॅकेज होते. म्हणून क्रमांकात त्याचा मागमूस नाही.

३/ दप्तर पाहावे, तर पॉन्टियाकची बिले जपली गेली, फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादननोंदी शाबूत आहेत. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंची मात्र तशी नोंद उरलेली नाही. गंमत अशी की, जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेने आपल्याकडच्या गाड्यांचे कागद राखले. दोन सख्ख्या बहिणींपैकी सीमेपलीकडे नांदायला गेलेलीचीच जन्मनोंद शिल्लक!

४/ उरते ते लोखंड. इंजिनाच्या पुढच्या भागी, उजव्या सिलिंडर हेडला लागून, एक छोटी सपाट जागा असते. तिथे टोनावांडा कारखान्याचा ‘टी’, जोडणीची तारीख आणि ‘सीआरव्ही’सारखी अक्षरे (एलएस ६, हाताने बदलायचे चार गिअर) ठोकलेली असतात, शिवाय गाडीच्या क्रमांकाचा अंशही. ब्लॉक कधी ओतला, ती तारीख वेगळी. आधी ओतकाम, मग इंजिनाची जोडणी, मग गाडीची, हा क्रम मोडून चालत नाही. मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीत मे महिन्याचे इंजिन निघाले, तर ते ताम्रपटावरील तिथी-वार न जुळण्यासारखेच. पण हुशार बनावटकाराला हे गणित ठाऊक असते. तो जुने आकडे घासून नवे ठोकतो. अशा वेळी जाणकार आकडे सोडून त्यांच्याखालचा पृष्ठभाग पाहतात: कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेघा घासताना नाहीशा होतात. अर्थात, प्रामाणिक दुरुस्तीतही त्या जातात, ही अडचण आहेच.

५/ सर्वांत बोलका पुरावा कुणी पुरावा म्हणून केलाच नव्हता. गाडीत कोणता भाग बसवायचा, हे कामगारांना सांगणारा ‘बिल्ड शीट’ काम संपताच निरुपयोगी होई. काही कागद आसनाच्या स्प्रिंगांत, काही पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर राहून गेले. ग्राहकाला मिरवायला दिलेल्या वॉरंटीच्या धातूच्या पट्टीच्या नकला आज तयार होतात; गंजाचे डाग पडलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या त्या कागदाची नक्कल करणे अधिक कठीण.

६/ या शर्यतीच्या गाड्या. इंजिने फुटली, बदलली गेली. त्यामुळे खऱ्या एलएस ६ च्या मालकापाशी कधीकधी एकही पुरावा नसतो, आणि खोटीच्या मालकापाशी सगळे असतात. म्हणून चोखंदळ खरेदीदार रंग-क्रोमकडे पाहण्याआधी टाकी उतरवायला सांगतो. बहुधा तिथे नुसती धूळ असते.