बाबांची बेलबॉटम

जुन्या पँटीची खरी ओळख ती उलटी केल्यावर पटते. सुलट बाजूला कापड दिसतं, उलट बाजूला शिवणारा. बाबांची कॉफी रंगाची टेरीवूलची बेलबॉटम टेलरकाकांनी उलटून टेबलावर पसरली, तेव्हा मागच्या शिवणीत कमरेपाशी चांगली दीड इंच माया निघाली. खाली जांघेकडे निमुळती होत गेलेली. कमरेची पट्टीसुद्धा मागे मधोमध जोडलेली, उसवायला सोपी. 'बॉबी' आला त्या 1973 सालच्या आसपासचा, लग्नाच्या आहेरातला हा पँटपीस. बाबा तेव्हा नुसती काडी. पण शिवणाऱ्यानं, हा मुलगा पुढे अंग धरणार, हे ओळखून तेवढं कापड कात्रीपासून वाचवलं. सव्वा मीटरच्या तुकड्यात असा उदारपणा करायला हात फार तयार लागतो. आजची तयार पँट आतून पाहा: ओव्हरलॉकच्या धाग्यालगत कापड संपलेलं असतं. सैल करायची तर कशातून करणार?

मला ती माझ्यासाठीच हवी होती. कंबर उंच, पार बेंबीपाशी येणारी. तिथे मी बारीक, खाली रुंद. म्हणजे एकाच शिवणीनं वर आत शिरायचं आणि खाली बाहेर यायचं. काकांनी ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उचलत शिवण उसवली, खडूनं रेघ मारली, कच्चे टाके घातले. "आता खाली बस बघू, बाई." बसल्यावर कापड कुठे ताणतं ते त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. सगळी कंबर मागूनच आत घेतली तर दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडतात, म्हणून थोडी बाजूंच्या शिवणींतून घेतली.

सीटपाशी आतली माया बाहेर आली आणि पन्नास वर्षं ऊन न पाहिलेला रंग दिसला. चिंचोळी, गडद पट्टी. शेजारी जुन्या सुईची बारीक भोकं. टेरीवूलमध्ये पॉलिएस्टर साधारण 55 टक्के, लोकर 45. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली की लोकर भोकं बरीच मिटवते, पॉलिएस्टर मात्र धरून ठेवतं. काकांना ती पट्टी सलत होती. मला ती पँटीतली सगळ्यात सुंदर जागा वाटली, अजूनही वाटते.

बॉटम चोवीस इंचांचा. तो निमुळता करायचा तर आतली आणि बाहेरची, दोन्ही शिवणी सारख्याच घ्याव्या लागतात, नाहीतर इस्त्रीची घडी नडगीवरून सरकते. मी तो घेर तसाच राहू दिला. लांबी तेवढी कमी केली, तीही न कापता, कापड आत दुमडून हातानं तुरपाई करून. कमरेचं जादा कापडही काकांनी आतच ठेवलं.

उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कुणी धरत नाही. म्हणून सांगितलेल्या रकमेवर मी शंभराची नोट जास्त ठेवली. ती त्यांनी मुकाट्यानं घेतली आणि मागच्या खिशाचं बटण सैल दिसलं म्हणून पँट परत मागून घेतली.