मामांचा आडवा फोन

परवा संगमनेरजवळ मामांकडे गेलो होतो. आमचा नगर जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, पण पहाटेची दुधाची रांग तीच! मामा गावातल्या दूध संकलनावर नोंदी ठेवतात. त्यांच्यासाठी मी हौसेने एक अ‍ॅप केलं होतं. लिटर, फॅट, एसएनएफ भरा, की हिशोब तयार.

तर झालं असं, की वीसेक नोंदी झाल्या आणि आकडे मोठे दिसावेत म्हणून मामांनी फोन आडवा केला. यादी गायब! आणि दूध तर कॅनमध्ये ओतून झालेलं... परत मोजणार कसं? मामा काही बोलले नाहीत. वही काढली, रांगेतल्यांना विचारून सगळं पुन्हा लिहिलं. मला मात्र फार लागलं.

चूक माझीच. फोन फिरला की अँड्रॉइड चालू स्क्रीन मोडून नवी उभी करतं. चौकटीत टाइप केलेलं बहुधा टिकतं, पण मी यादी नुसत्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. एका ओळीत स्क्रीन उभीच बांधून टाकता आली असती. पण मग मामांच्या डोळ्यांचं काय? २०१७ पासून व्ह्यूमॉडेल आहे, त्याने फिरवणं निभावतं. पण मेमरीसाठी सिस्टिमने अ‍ॅपच बंद केलं तर तेही जातं. शेवटी प्रत्येक नोंद भरताक्षणीच डेटाबेसमध्ये टाकली.

वही कशीही धरा, लिहिलेलं पुसत नाही. मामांना हे आधीपासूनच माहीत होतं. असो.