उभं पोहणं

बीडच्या माणसाला पोहता येतं, हे पुण्यात कुणाला पटत नाही. बीड म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. आमच्या जिल्ह्याचा ऑलिंपिकपटू अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातला. त्याच्या स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाणी येतं, पण तेही ओलांडून पुढं पळायचं असतं. त्यामुळे लोकांचं फारसं चुकत नाही.

पण विहिरी आहेत ना! फक्त विहिरीतलं पोहणं वेगळं. पूलमध्ये माणूस आडवा जातो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. विहिरीत चार हात मारले की समोरची कपार लागते. म्हणून आमचं पोहणं उभं, वरून खाली.

केज तालुक्यातल्या आमच्या गावात शिकवण्याची पद्धत ठरलेली. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक चुलत्याच्या हातात. "हातपाय हाणत राहा, बुडत नसतोस तू," एवढाच सिलॅबस. चार-सहा दिवसांनी डबा सुटायचा. कोणत्या दिवशी, ते आधी सांगत नसत.

स्पर्धा दोनच. पहिली मुटक्याची. गुडघे छातीशी घेऊन धप्पकन पडायचं आणि काठावरच्याला भिजवायचं. मोटर चालू करायला आलेल्या काकाचा सदरा भिजला की पहिला नंबर. शिव्या बक्षिसात. दुसरी स्पर्धा तळ काढायची. बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणायचा. काही हुशार पोरं अर्ध्यातूनच कपारीतली माती आणत, म्हणून मूठ उघडली की आधी वास घेतला जायचा. तळाचा गाळ काळा, थंडगार आणि कुजका. त्यात माझा चुलतभाऊ, आमचा दादा, चॅम्पियन. वर आला की दर वेळी सांगायचा, "खाली जुनी मोटर पडलीय." मोठी माणसं म्हणायची, थापा मारतो.

वर्गातला एक मित्र मात्र या स्पर्धांत कधी नसायचा. दिवाळीच्या आगंमागं आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे निघत, हाही सोबत. विहीर भरलेली असायची तेव्हा तो फडात, आणि तो परतायचा तेव्हा उन्हाळा. तो पोहायला शिकला थेट पंचगंगेत. एका पावसाळ्यात आमच्या विहिरीत उतरला आणि गोल गोल फिरत राहिला. एवढं सुंदर आडवं पोहणं आम्ही पाहिलंच नव्हतं, आणि आमच्याकडे त्याला द्यायला जागा नव्हती.

पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पूल लावला. माझ्या पहिल्याच मुटक्याला शिट्टी वाजली. कोचनी विचारलं, "किती लेंथ मारतोस?" मी म्हणालो, "तीन पुरुष." त्यांनी मला लहान मुलांच्या बॅचमध्ये टाकलं.

मग मी पोहण्याबद्दल वाचत सुटलो, तेव्हा जरा बरं वाटलं. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये एक शर्यत अशी होती की, सूर मारायचा आणि हातपाय न हलवता जाईल तिथपर्यंत तरंगत जायचं. विल्यम डिकी नावाचा अमेरिकन सुमारे 19 मीटर गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. काही न करण्याबद्दल! पुढं ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली.

आणि 2000 सालचा सिडनीतला एरिक मुसांबानी. देश इक्वेटोरियल गिनी, सराव एका हॉटेलच्या छोट्या पूलमध्ये. सोबतचे दोघं चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले, म्हणून 100 मीटर एकटाच पोहला. वेळ 1 मिनिट 52.72 सेकंद, सुवर्णपदक विजेत्याच्या दुपटीहून जास्त. हॉस्टेलवर तो व्हिडिओ लावला की पोरं हसायची. मी शेवटचे काही मीटर बघायचो. दम संपतो, पाय खाली जायला लागतात आणि गडी उभा पोहू लागतो. हे पोहणं मला ओळखीचं होतं.

2016 चा उन्हाळा मात्र पोहण्याचा नव्हता. आमच्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आमची विहीर एप्रिलच्या आधीच आटली. गाळ काढायला यारी लावली. टोपल्यांतून एक चप्पल, दोन डबे, शाळेची एक कंपासपेटी वर आली. वास तोच, काळा आणि कुजका. दुपारी खालून पान्हा आपटल्यासारखा आवाज आला. मोटर होती.

दादा दोर धरून खाली उतरला, तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "काढ फोटो." जुन्या फोटोंत मारलेल्या वाघावर पाय ठेवून साहेब उभे असतात, तसा.