लोखंडाचे काळीज

मराठीत ‘काळीज’ या शब्दाने मोठा घोळ करून ठेवला आहे. कवी काळीज म्हणतो ते हृदय. खाटकाकडे कलेजी मागावी, तर हाती पडते यकृत! हा फरक मी वर्गात वर्षानुवर्षे चवीने सांगत आलो आहे. परवा तो सांगून झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, डॉक्टरांचंही पूर्वी असंच व्हायचं.”

मुलगी उल्हासनगरची, सिंधी. मराठी माझ्याहून झणझणीत. तिला थॅलसेमिया आहे, हे मला तेव्हा कळले. आमच्या चिखलोलीपासून उल्हासनगर हाकेच्या अंतरावर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचे हे गाव, १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. सिंधी समाजात या आजाराचे वाहक बरेच आढळतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक.

अशा मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय देहात नाही. ते यकृतात साचते, हृदयातही साचते. हृदय बिचारे फार उशिरा तक्रार करते. पूर्वी यकृतातल्या लोहावरून हृदयाचा अंदाज बांधीत. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात अँडरसन, पेनेल आदींनी २००१ साली दाखवून दिले, की या दोहोंचा मेळ बसत नाही. म्हणजे घोळ खराच!

त्यांनी हृदय चुंबकात पाहिले. एमआरआयच्या यंत्रात रेडिओलहरींनी डिवचले, की शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजन क्षणभर गुणगुणतो. लोह असेल तिथे हे गुणगुणणे लवकर विरते. २० मिलिसेकंदांच्या आत विरले तर हृदयात लोह आहे. १० च्या आत, तर धोका दारात. टोचणे नाही, कापणे नाही, नुसता श्वास रोखून धरायचा. मग लोह उतरविणारी औषधे वाढवून हृदय सावरता येते. ही मुलगी पहिल्या तपासणीत १४ वर होती. “यंदा २३, सर. काठावर पास!” तिच्या आईने म्हणे त्या दिवशी आळीभर पेढे वाटले. परीक्षेच्या गुणांसाठी पेढे वाटणारे पुष्कळ पाहिले. मिलिसेकंदांसाठी वाटणारी हीच माउली.

१९७७ साली अमेरिकेत डमेडियनने माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले होते. आता श्वास न रोखताही धडधडते हृदय टिपता येते. थोडक्या संकेतांवरून संगणक उरलेले चित्र भरून काढतो. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने देशी यंत्र उभारण्याचे काम हाती घेतले आणि मार्च २०२५ मध्ये त्यासाठी दिल्लीच्या एम्सशी करार केला. मात्र यंत्र स्वस्त झाले तरी हृदय वाचणारा तज्ज्ञ हवाच, आणि तो कारखान्यात घडत नाही. वेळेचे म्हणाल, तर थायलंडमधली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिथे हृदय आणि यकृत दोन्ही मिळून माणशी सुमारे आठ मिनिटांत तपासली. अंबरनाथहून निघालेली लोकल चिखलोलीवरून बदलापुरास पोहोचते, साधारण तेवढ्याच वेळात.