बर्फाखालचा मासा

मत्स्याहार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य, त्या घरांतील मनुष्यानें मासेमारीवर लेख लिहावा, हें वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. परंतु जी गोष्ट आपण करीत नाहीं ती पाहूंही नये, असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. आणि पाहिल्यावर मनांत जे विचार आले ते सांगण्यास तर मुळींच प्रत्यवाय नसावा.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडांत असतो. गेल्या माघांत आम्ही उभयतां त्याच्याकडे असतां त्यानें आम्हांस ओशिनेन सरोवर दाखविण्यास नेलें. कांडरश्टेग या खेड्यापासून तारेवरच्या पाळण्यांत बसून वर जावयाचें व पुढें थोडें पायीं चालावयाचें. सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून १५७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून कमीच. पण अक्षांश ४६ पडल्यामुळें तेथें हिंवाळ्यांत सारें पाणी गोठून जातें. फार पूर्वीं डोंगराचा कडा कोसळून दरी अडली व हें सरोवर झालें. त्याची खोली ५६ मीटर आहे. आणि एवढ्या पाण्यावरून आपण चालत आहों ही जाणीव पायांस क्षणभरही विसरूं देत नाहीं. मधूनच बर्फ खोल आवाजांत गर्जतो. तो ताणला जाऊन आवाज करतो, त्यांत भिण्याचें कारण नाहीं, असें पुतण्यानें सांगितलें. तरी आमच्या सौभाग्यवतींनीं रामरक्षा म्हणावयास सुरुवात केलीच.

बर्फ किती जाड असावा, याचा मासेमारांचा एक ढोबळ नियम आहे. काळसर, नितळ बर्फ १० सेंटिमीटर असल्यास एका माणसाचा भार सोसतो. हिम मिसळून पांढरा झालेला असेल तर त्याची ताकद निम्मीच धरावयाची. आणि या बर्फाखालीं मासे जगतात, तें पाण्याच्या एका जगावेगळ्या स्वभावामुळें. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे आकसतात. पाणी मात्र ४ अंशांपर्यंत आकसून पुढें पुन्हां फुगूं लागतें. म्हणून सर्वांत थंड पाणी वर राहतें, तेंच आधीं गोठतें, आणि बर्फ तरंगून खालच्या पाण्यास पांघरुणासारखा होतो. बर्फ बुडणारा असता, तर तळीं खालून भरत आलीं असतीं आणि जलचरांस थारा उरला नसता.

तेथें एक वृद्ध गृहस्थ तीन पायांच्या तिवईवर बसले होते. त्यांनीं सुतारी गिरमिटासारख्या, पण कमरेएवढ्या उंच हत्यारानें बर्फांत वीतभर रुंदीचें भोंक पाडलें, त्यांतील चुरा झाऱ्यानें काढला, आणि हातभर लांबीच्या काठीनें दोर आंत सोडला. थंडीनें माशाची भूक मंदावते. तो आमिष ओढीत नाहीं, केवळ ओठ लावून पाहतो. त्यामुळें डोळे काठीच्या टोंकावरून ढळवून चालत नाहीं. तासाभरानें टोंक किंचित्‌ लवलें, आणि अंगावर ठिपके असलेला एक ट्राउट मासा बर्फावर आला. गृहस्थांनीं तत्क्षणीं त्याच्या डोक्यावर दांडक्याचा एकच नेमका घाव घातला व सुरीनें लगेच रक्त वाहूं दिलें.

हें इतकें झटपट कां, असें आम्ही विचारलें. पुतण्यानें तेथील कायदा समजावून दिला. पकडलेला मासा तडफडत ठेवावयाचा नाहीं. पुन्हां सोडून देण्याच्या हेतूनें, केवळ मौजेखातर, मासा पकडणें हेंही तेथें वर्ज्य आहे. दीर्घ मुदतीचा परवाना हवा असल्यास प्राण्यास विनाकारण पीडा न देण्याचें शिक्षण घ्यावें लागतें.

एवढ्यांत आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, त्याला दुखलें असेल का हो?"

माशास वेदना नसतात, असें पुष्कळ दिवस समजलें जात असे. परंतु २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्याच तोंडाभोंवतीं इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठांत झोंबणारें द्रव्य टोंचलेले मासे खाणें सोडून तळच्या खड्यांवर ओठ घांशीत होते. त्या जाणिवेस आपल्यासारखें दुःख म्हणावें कीं नाहीं, हा पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण मुलीस वादाचें उत्तर नको होतें. आम्ही म्हटलें, "दुखलें असावें, बाळ."

"मग ते आजोबा वाईट आहेत का?"

सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर उत्तर तयार दिसत होतें. आमच्या ओठांवरही तेंच होतें; परंतु त्याच वेळीं घरच्या देव्हाऱ्याजवळच्या दांडीवरील रेशमी सोवळें आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशांतील किडा बाहेर पडण्यापूर्वींच उष्णतेनें मारला जातो. तो मृत्यू आपण पाहत नाहीं. आपल्यापर्यंत केवळ पावित्र्य पोंचतें. दूध काढतांना वासरास ओढून बाजूस बांधतात, तेंही शहरांतल्या मुलांस ठाऊक नसतें. आम्ही इतकेंच म्हणालों, "वाईट नव्हेत. आपण काय करतों तें ते डोळे उघडे ठेवून करतात." सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांनीं मान हालवून नाहींही म्हटलें नाहीं.

वाचकहो, यावरून मत्स्याहाराची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. कुलाचार आम्हांस प्रिय आहे आणि तो सुटणार नाहीं. पण न खाणें ही अहिंसेची एक पायरी आहे, तिचा कळस नव्हे. जो जीव आपल्या सोयीसाठीं जातो, त्याचा हिशेब निदान ठाऊक असणें ही पुढची पायरी होय. मुलांनीं असले प्रश्न विचारले म्हणजे "असें विचारूं नये" म्हणून त्यांस गप्प करण्याची आपल्या घरांत चाल आहे. तसें न करतां वडील माणसांनीं त्यांच्यासह थोडा वेळ त्या प्रश्नापाशीं बसावें, एवढीच आमची विनंती आहे.