बत्तीसचा लावू नकोस

चि. निनाद,


डोंबिवलीच्या घराच्या डीबीचे, म्हणजे एमसीबींच्या पेटीचे, फोटो मिळाले. खाली तू लिहिलंयस, ‘किचनचा सोळाचा एमसीबी रोज सकाळी पडतो. वायरमन म्हणतो, बत्तीसचा टाकून देतो, कटकटच मिटेल.’ फोनवर नुसतं ‘नको’ म्हणून भागलं असतं. पण माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवण्यात गेली. कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय तुझ्यासारखीच जुनी घरं घेऊन रंग, टाइल्स आणि फर्निचरवर लाखो रुपये ओतणारी आणि वायरिंगला ‘चालतंय की’ म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. तेव्हा हे पत्र त्यांनीही वाचावं.

एमसीबी असतो भिंतीत गाडलेल्या वायरसाठी. तुझा गिझर, तुझं इंडक्शन किंवा तू स्वतः, यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. वायरमध्ये तिला सोसेल त्याहून जास्त करंट जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. म्हणून त्याचा आकडा वायरची जाडी बघून ठरवायचा. लोक नेमकं उलट करतात. ‘एवढा लोड आहे, मग एवढा एमसीबी’ असा हिशेब मांडतात आणि मधल्या वायरला कोणी विचारत नाही.

आता तुझ्या किचनचा हिशेब कर. आधीच्या मालकाने तांब्याची दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर ओढलेली दिसते, फोटोत इन्सुलेशनवर १.५ वाचता येतं. त्याच वायरवरून पुढे बाथरूमचा गिझरही घेतलाय. गिझर २,००० वॉट, इंडक्शन २,०००, किटली १,५००. एकूण ५,५००, २३० व्होल्टने भागलं की जवळपास २४ अँपिअर. आणि पाइपातून गेलेल्या दीडच्या वायरला झेपतात साधारण १४ ते १७. तेही आजूबाजूला ३० अंश तापमान धरून. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हाने तापलेली भिंत आणि एकाच पाइपात कोंबलेल्या चार-सहा वायरी असल्या, की आकडा आणखी खाली येतो.

सोळाचा एमसीबी पडतो तो यामुळे, आणि बरोबरच पडतो. मानकाप्रमाणे त्याने १८ अँपिअरपर्यंत तासभर टिकून राहायचं, २३ च्या वर गेलं की तासाच्या आत पडायचं. बत्तीसचा टाकलास तर त्याला तासभर ३६ अँपिअरही चालतात. तासाच्या आत पडण्याची सक्ती ४६ ला सुरू होते. म्हणजे तुझे २४ त्याच्या खिजगणतीतच नाहीत. कटकट मिटेल हे खरं, पण वायर तापत राहील. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ च्या जागी ३० अँपिअर गेले तर ताप चौपट होतो. पीव्हीसीचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंत धरून केलेलं असतं. त्यापुढे ते लगेच पेटत नाही, म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. ते आधी कडक होतं, मग ठिसूळ, मग वाकवलं की तडकतं, आणि हे सगळं भिंतीच्या आत चालतं.

खरं सांगू? दीडच्या वायरवर मी तो सोळाचासुद्धा ठेवला नसता. दीडला १०, अडीचला १६, चारला २० आणि सहाला ३२, हे मी पोरांकडून घोकून घेत असे. तक्त्यात याहून थोडे वरचे आकडे सापडतील. पण आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडची कामाची पद्धत बघता थोडं हातचं राखलेलं बरं.

तेव्हा गिझरला डीबीतून स्वतंत्र अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी. इंडक्शनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला तसंच. उरलेल्या किचनला तिसरं सर्किट. एसी घेणार असशील तर त्याला चारची वायर आत्ताच ओढून ठेव. दिवे-पंखे दीडवर राहू देत, १० च्या किंवा ६ च्या एमसीबीमागे.

दुकानात ‘बी’ की ‘सी’ विचारतील. बहुतेक जण न विचारता ‘सी’च देतात. एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची एक पट्टी तापून वाकते. ती हळूहळू होणाऱ्या ओव्हरलोडसाठी. दुसरी कॉइल, ती शॉर्ट झाल्यावर क्षणात दांडी पाडते. मानहाइमच्या ह्युगो श्टोत्सने १९२४ मध्ये असा बटनाने पुन्हा चालू करता येणारा फ्यूज पेटंट केला, आणि तत्त्व आजही तेच आहे. ‘बी’ची कॉइल आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला उडते, ‘सी’ची ५ ते १० पटीला. फ्रीज, एसी, पंप यांच्या मोटरी सुरू होताना झटका घेतात, त्यांना ‘सी’ हवा. गिझरला आणि दिव्यांना ‘बी’ पुरतो. मिळाला नाही तर त्यापायी काम अडवू नकोस.

दुसऱ्या फोटोत मीटरपाशी चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज दिसतात. त्यांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही, कित्येक पिढ्यांची घरं त्यांनी सांभाळली. ०.२ मिलिमीटरची कल्हई केलेली तांब्याची तार ५ अँपिअरची, अर्ध्या मिलिमीटरची १५ ची. पण वितळायला तिला साधारण दुप्पट करंट लागतो, आणि त्यात काय भरलंय हे भरणाऱ्यालाच ठाऊक. रात्री फ्यूज उडाला की हाताला लागेल ती तार, तीही दुहेरी-तिहेरी पिळून, असं किती ठिकाणी पाहिलंय! आणखी एक, दोनांपैकी एक किटकॅट न्यूट्रलवर असणार. तो काढला किंवा उडाला की घरात अंधार होतो, पण वायरीत फेज तसाच उभा असतो. काम करणारा ‘फ्यूज काढलाय’ म्हणून बिनधास्त हात घालतो. दोन्ही काढ आणि तिथे फेज-न्यूट्रल एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी बसव. मीटरच्या आधीच्या सीलबंद भागाला मात्र हात नको, तो महावितरणचा. गिझर, इंडक्शन आणि एसी मिळून मंजूर भाराच्या वर जात असेल तर भार वाढवून घेण्याचा अर्जही आत्ताच कर.

हॉल आणि बेडरूममध्ये मूळची ॲल्युमिनियमची वायर असण्याचा मला दाट संशय आहे. टोक रुपेरी दिसलं म्हणून लगेच ठरवू नकोस, जुन्या तांब्यावरही कल्हई असायची. ब्लेडने खरवडून बघ. आत लाल निघालं तर तांबं. ॲल्युमिनियम निघालं तर ती सगळी बदल, आणि याबाबत मी ऐकून घेणार नाही. ॲल्युमिनियम तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या पाऊणपट करंट नेतं, हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे स्क्रूखाली ते दबत जातं, वर ऑक्साइड चढतो आणि जोड सैल पडतो. सैल जोड तापतो तेव्हा करंट वाढलेला नसतो. त्यामुळे सोळाचा, दहाचा, कुठलाच एमसीबी ते ओळखत नाही. सॉकेटभोवती तपकिरी डाग, जळकट वास, दिव्याची फडफड, एवढ्याच खुणा. वायरमनला प्रत्येक टर्मिनल तुझ्यासमोर आवळायला लाव. हे बिनपैशाचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच.

आता तुझ्या जिवाचं. इमारतीचं अर्थिंग जुनं असणार. समज, त्याचा रोध २० ओहम भरला. गिझरचा एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागला, तर जमिनीत जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गिझरची टाकी, नळ सगळं जिवंत राहील. माणसाचा जीव जायला तर एक दशांश अँपिअरही पुरतो. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो बघतो. फरक दिसला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. ओव्हरलोड मात्र त्याला कळत नाही, म्हणून तो एमसीबीच्या जोडीनेच लावायचा.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच दिवशी तो पडत राहतो. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत मिसळलेले असतात, इन्व्हर्टर असला तर हमखास. मग वायरमन म्हणतो, ‘पीस खराब आहे, काढून टाकू.’ काढू देऊ नकोस. न्यूट्रल वेगळे करून घे, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. आणि त्याच्यावरचं टेस्टचं बटन अधूनमधून दाबत जा. दाबून पडला नाही तर बदल.

वायरमन पुन्हा येईल तेव्हा त्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणायला सांग. प्रत्येक सर्किटचं रीडिंग कागदावर लिहून मला फोटो पाठव. मेगर नाही म्हणाला तर दुसरा वायरमन बघ.

तुझी,
मावशी

ता. क. किचनच्या टाइल्सवाल्याला थांबव. आधी भिंतीत नवे पाइप, थोडे मोठेच घे, मग टाइल्स. त्याने उशीर होतो म्हणून कुरकुर केली तर माझा नंबर दे.